देवकते सर आणि माझा गेलेला आवाज

देवकते सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वर्गाच्या खिडकीतून काठी बाहेर काढून उभे होते. काठी धनगराची, माणसापेक्षा उंच, आणि तिच्या शेंड्याला फडक्यात बांधलेला मोबाईल. मला वाटलं, आंबे पाडतायत की काय! पण शाळेभोवती आंब्याचं झाड औषधालाही नव्हतं. सर काठी हळूहळू सरकवत होते आणि वरच्या मोबाईलशी लाडीगोडीनं बोलत होते, "ये माय, ये. लाजू नको. आणिक जराशीक वर." वर्गातली पोरं भिंतीवरच्या टीव्हीत गरगर फिरणाऱ्या चकरीकडं डोळे लावून बसली होती. चकरी थांबली, चित्र आलं, तसा एकच गिल्ला झाला, "आली, सर, रेंज आली!" मग सरांनी काठी खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "या मॅडम. तुमचा पायगुण चांगला हाय. आज टावर लवकर लागला."

मी त्या दिवशी शाळेवर नव्यानं हजर होत होते. शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंत, नेकनूरहून आत आडवाटेला. गाव डोंगराच्या पोटात, त्यामुळं शाळेत रेंज यायची ती फक्त त्या एका खिडकीच्या वरच्या अंगाला. टीव्ही गावानं वर्गणी काढून घेतलेला. सर यायच्या आधी म्हणे तो झेंडावंदनापुरता उघडायचा आणि एरवी कुणाच्या तरी सत्कारातली शाल पांघरून गप्प असायचा. सरांनी येऊन पहिली ती शाल ओढली. मुख्याध्यापकाचा चार्ज त्यांच्याकडंच होता, त्यामुळं परवानगी त्यांनीच मागितली आणि त्यांनीच दिली.

सरांच्या घरी पिढीजात मेंढरं. भाऊ नांदूरघाटाकडच्या डोंगरात अजून कळप घेऊन फिरायचे. शिकले ते हे एकटेच. टीव्हीवरची प्रश्नमंजूषा, पोरांनी फोनवरून उत्तर दिलं की पडद्यावर उमटणं, हे सगळं ते भावांच्या तळावर बसून शिकले होते, कारण डोंगरावर रेंज फर्स्टक्लास. "मेंढरं चरतेत, मी बी चरतो," म्हणायचे. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं. एखादं बटण कळलं नाही की दाबून बघायचे. आम्ही कुणी बिचकलो की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "आधी चालू करा, मग घाबरा. टीव्हीच हाय, वाघ न्हाई!"

घोटाळे व्हायचेच. फोन टीव्हीला जोडलेला असताना वर्गात अपूर्णांक चालू असायचे आणि मध्येच पडद्यावर त्यांच्या मंडळींचा निरोप झळकायचा, "येताना कोथिंबीर आणा. मागच्यासारखी पिवळी आणू नका." शाळा सुटताना अख्खा वर्ग एका सुरात आठवण करून द्यायचा, "सर, कोथिंबीर! हिरवी!" दुसरा कुणी असता तर कानकोंडा झाला असता. सर म्हणायचे, "बघा मॅडम, अभ्यास इसरतेत, पर मपली कोथिंबीर ध्यानात ठेवतेत."

आता माझं सांगते. मी म्हणजे भोंगा. हे नाव पोरांनी ठेवलेलं आणि मला ते मनापासून आवडायचं. मी मराठी आणि इतिहास शिकवायचे. मी लढाई शिकवायला लागले की शेजारच्या वर्गातली गणितं बंद पडायची. मैदानाच्या पार टोकाला कुणी कुणाच्या पाठीत बुक्की घातली की मी ओट्यावरूनच नावानिशी हाक मारायचे आणि ते पोरगं तिथंच गारठायचं. खडू आणि गळा, एवढ्यावर माझा संसार. सर मला टीव्हीवर शिकवा म्हणाले की मी हसायचे, "सर, तुमचा टावर पडतो. माझा कधी पडला का?"

पडला! गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आवाजाची नस गाठीला चिकटून आहे, काही सांगता येत नाही. ऑपरेशन झालं, गाठ काढली, जीव वाचला, आणि आवाज गेला. शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं तर तोंडातून नुसती हवा आली. महिने गेले, गोळ्या झाल्या, गळ्याचे व्यायाम झाले. शेवटी उरली ती कुजबूज. तीही कानाशी तोंड नेलं तर ऐकू येणारी, आणि तीसुद्धा जपून वापरा म्हणून डॉक्टरांची तंबी.

शाळेत परत गेले तेव्हा बीडहून कमरेला लावायचा स्पीकर घेऊन गेले होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी बोलायला लागले आणि पुढच्या बाकावरची पोरगी रडायलाच लागली. कुजबूज मोठी करून ऐकवली की काय होतं, सांगू? भूत बोलतंय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी पोरं रडली नाहीत, हसली. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकांवर बाजार भरला आणि मला एक हाक मारता येईना. डस्टर आपटून आपटून हात दुखला. मधल्या सुट्टीत मी कोपऱ्यात तोंड फिरवून रडले. रडण्यालासुद्धा आवाज नव्हता.

मी सरांना पाटीवर लिहून दाखवलं, "स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देते." शिकवणं सुटलं की माझ्याकडं काय उरणार होतं? मुलं पुण्याला, मालक बीडच्या कोर्टात नोकरीला. दिवसभर घरात भिंतींकडं बघत बसायचं. सरांनी पाटी वाचली, तळहातानं पुसली आणि म्हणाले, "कावून? का म्हनून?"

असलं काही विचारलं की माझं टाळकंच फिरतं. मी माझ्या गळ्याकडं बोट दाखवलं.

"मॅडम, मेंढरू हाळीला येत न्हाई, वळखीला येतंय. माझा थोरला भाऊ कळपात दिवसाला धा शब्द बोलत नसंल. एक बी मेंढरू चुकत न्हाई. तुमची पोरं तुमाला वळखतेत. फकस्त त्यांला कामाला लावायचं बघू."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ते मला घेऊन बसायला लागले. प्रश्न कसा टाकायचा, पोरांचं उत्तर पडद्यावर कसं येतं, नावं कशी झाकायची. मी चुकले की ते स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायचे, माझ्यावर कधी चिडले नाहीत. मी मात्र चिडायचे! आवाज नसलेल्या माणसाला चिडणं फार अवघड जातं हो, सगळं डोळ्यांनीच करावं लागतं. सर म्हणायचे, "बगा, डोळे वटारता येतेत तवर मास्तरकी शाबूत हाय."

पण पोरांकडं फोन कुठं होते? ती अडचण सरांनी गावच्या रिवाजानं सोडवली. आमच्याकडं ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवतो. आज तुझं रान, उद्या माझं. त्याला वारंगुळा म्हणतात. सरांनी पालकांना गोळा करून सांगितलं, "फोनचा वारंगुळा करा. ह्या आठवड्यात तुमचा, फुडल्या आठवड्यात त्यांचा. एका फोनवर चार पोरं नांगरतेत." बैलाची भाषा गावाला लगेच पटली. दर गुरुवारी फोन शाळेत यायला लागले; कुणाचा पदराच्या गाठीत, कुणाचा ज्वारीच्या भाकरीच्या फडक्यात. सगळे चालायचे ते काठीवरच्या मोबाईलच्या रेंजवर.

माझा पहिला तास मला अजून आठवतो. मी पडद्यावर एकच प्रश्न टाकला, "आज सकाळी उठल्यावर पहिला आवाज कशाचा ऐकला?" नावं झाकलेली. पोरं फोनवर डोकी घालून बसली. मग टीव्हीवर एकेक उत्तर उमटायला लागलं. कोंबडा. एसटीचा हॉर्न. आईचा खोकला. चुलीत फुंकर मारल्याचा. नवीन झालेल्या कोकराचा. बाप म्हणला, उठ. आणि एक उत्तर होतं, "कशाचाच नाही. आई मामाच्या गावाला गेली आहे." वर्ग एकदम चिडीचूप झाला. मी इतकी वर्षं ओरडून वर्ग गप्प केला होता, पण अशी शांतता मला कधी मिळाली नव्हती. मी फळ्यावर लिहिलं, "आता यातल्या एका आवाजावर पाच ओळी लिहा." सगळ्यांनी लिहिल्या. सर खिडकीशी उभे होते. खिडकीची काठी वाऱ्यानं हलायला लागली म्हणून हातानं धरून ठेवली होती, आणि तास संपेस्तोवर त्यांनी ती सोडली नाही.

मग मला हुरूपच आला. गुरुवारची पोरं वाट बघायला लागली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात विरामचिन्हांनी घात केला.

झालं असं, की त्या दिवशी प्रश्नमंजूषेत मी नावं झाकायला विसरले. पोरं घरच्यांच्या फोनवरून आलेली, त्यामुळं फोनवर ज्याचं खातं त्याचं नाव पडद्यावर. आणि आमच्या गावात साध्या नावाचा माणूस खातं उघडतच नाही. सरपंच अण्णांचा फोन होता "कार्यसम्राट अण्णा" या नावाचा. तो त्यांच्या नातीच्या हातात. अण्णांचे चुलतभाऊ आबा, हाडवैरी, त्यांचा फोन "भावी सरपंच". नात बिचारी स्वल्पविराम आणि अर्धविराम यांत अडकली. शेवटी टीव्हीवर निकाल लागला. पहिला, भावी सरपंच. तळाला, कार्यसम्राट अण्णा.

खिडकीशी कुणाचा तरी बाप रेंज घ्यायला उभा होता. त्यानं फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला, "शाळेचा निकाल जाहीर." आबांच्या माणसांनी पारावर पेढे वाटले म्हणे!

अण्णा गाडीवरून तडक शाळेत आले. "कुणी बे, कुणी घेतली शाळंत निवडणूक?" मी पुढं झाले, सांगायला तोंड उघडलं आणि हवा निघाली. एकेकाळी मी त्यांना उभ्या उभ्या ऐकवलं असतं आणि ते पार नेकनूरच्या स्टँडवर ऐकू गेलं असतं. अण्णांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाई बोलत न्हाई, टीव्ही बोलतोय. मंग बाई ठिवायची कशाला? टीव्हीच ठिवा! शनवारी समितीत ठराव घेतो. आमच्या लेकरांला बोलणारी बाई पायजे."

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे पालकांचीच. तिनं ठराव करून वर पाठवला की मला तिथून हलवणार, आणि मुकी बाई दुसरी कोणती शाळा सुखानं घेणार? कुठल्या तरी कार्यालयात कागद लावत बसावं लागलं असतं. मी सरांना परत पाटी दाखवली. ठराव व्हायच्या आत मीच जाते. अब्रूनं तरी जाईन.

सर ओट्यावर माझ्या शेजारी बसले. पाटी वाचली. मग म्हणाले, "मॅडम, ह्या गावात बोलता न येणाऱ्या बाया लई हायेत. समितीत बगा की. मागं बसतेत, च्या पितेत, दावतील तिथं सही करतेत. तुमची निदान नस तरी दुखावली. त्यांचं तर काहीच दुखावलेलं न्हाई, तरी आवाज न्हाई. तुमी गेलात तर त्यांनी कुणाकडं बगायचं?"

मी पाटीवरचं पुसलं आणि शनिवारची वाट बघायला लागले.

शनिवारी बैठक भरली. पुढं खुर्च्यांवर पुरुषमंडळी, मागं सतरंजीवर बाया. अण्णा समितीत नव्हते, पण खुर्ची त्यांची मधोमध. ठराव वाचून झाला. अण्णा म्हणाले, "करा हात वर." मला माहीत होतं, अण्णांच्या समोर कुणाचा हात खाली राहणार नाही.

"हात कशाला, अण्णा?" देवकते सर उठले. "शाळा डिजिटल हाय, तो फलक तर तुमीच लावलाय. फोनवर घिऊ. परतेकानं आपलं मत दाबायचं. नाव दिसनार न्हाई." अण्णांना काय, खात्रीच होती. म्हणाले, "घ्या की! आमाला काय भ्या हाय?"

सरांनी काठी खिडकीतून बाहेर काढली. ज्यांच्याकडं फोन नव्हता त्यांच्यासाठी तिथंही वारंगुळा झाला. एकीनं दाबायचं, फोन पदराआड दुसरीकडं सरकवायचा. बायांना शिकवावं लागलं नाही. गुरुवारचा अभ्यास लेकरांनी घरी आयांसमोरच केला होता. पडद्यावर प्रश्न आला, "बाईंनी याच शाळेत शिकवावं का?" खाली दोन पट्ट्या, हो आणि नाही. आधी "नाही" हलली. पुढच्या खुर्च्यांवर कुणीतरी खाकरलं. मग "हो" हलायला लागली. थांबली, पुन्हा हलली. मागं सतरंजीवर कुणी मान वर करत नव्हतं, नुसत्या बांगड्या वाजत होत्या. "हो" सरकत सरकत "नाही"च्या पुढं गेली आणि पार पडद्याच्या कडेला जाऊन टेकली.

अण्णा मागं वळून एकेक चेहरा बघत होते. चेहरे सगळे सतरंजीकडं. शेवटी म्हणाले, "ही मशीन खोटं बोलती."

सर अगदी नम्रपणानं म्हणाले, "असं नका म्हणू, अण्णा. तुमी बी मशीनवरच निवडून आलात."

आधी कुणी हसलं नाही. मग मागून एका बाईला हसू फुटलं, तिनं पदर तोंडात कोंबला, आणि पाठोपाठ अख्खी बैठक हसायला लागली. अण्णा तसे कच्चे नव्हते. मशीन खोटी म्हणावी तर सरपंचपद जातंय! त्यांनी मांडीवर थाप मारली आणि तेही हसले. जाताना मला म्हणाले, "बाई, नातीला तेवढं ते अर्धविराम नीट शिकवा." मी मान हलवली आणि शिकवलंही.

सगळे गेल्यावर रुक्मिणबाई, सातवीतल्या कोमलची आई, मागं रेंगाळली. जवळ येऊन माझा हात धरला. "बाई, इतकी वर्सं आले ओ मी हितं. आज पैल्यांदा कुणी इचारलं." मी तिला मिठी मारली. सर तोवर काठी सोडत होते, आमच्याकडं पाठ करून, आणि सुतळीची गाठ त्यांना उगीचच फार वेळ सुटत नव्हती.

पुढं सरांची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. जाताना टीव्ही मला समजावून दिला, काठी मात्र घेऊन गेले, "ही वडलांची हाय, नायतर दिली असती." आम्ही बांबू आणला. सर फोनवर आवाज भरून लांबलचक निरोप पाठवायचे, मी लिहून उत्तर द्यायचे. नव्या शाळेतल्या गमती, टावरच्या तक्रारी. मग एक दिवस त्यांच्या फोनवरून दोन ओळींचा निरोप आला. तो त्यांनी पाठवलेला नव्हता. सकाळी शाळेला निघताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सर गेले होते.

दहाव्याला मी त्यांच्या गावी गेले. भाऊ कळप सोडून आले होते, डोंगरातली माणसं घोंगड्या टाकून बसली होती. पुढाऱ्यांची भाषणं झाली. माइक घुमत होता. मी बायांत बसले होते. सरांच्या मंडळींना मी त्या दिवशी पहिल्यांदाच भेटत होते. त्यांनी माझं नाव ऐकलं आणि डोळे पुसत मला शेजारी बसवून घेतलं. सरांना घरात तात्या म्हणत. तेवढ्यात थोरल्या भावानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, "आता तात्याच्या शाळंतल्या बाई दोन शब्द बोलतील."

मी दचकले. वहिनींच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजले, "मला बोलता येत नाही. सरांनी सांगितलं नाही का?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "न्हाई ओ. रोज तुमचं नाव निघायचं घरात. पर आवाजाचं कधीच बोलले न्हाईत. एवढंच म्हणायचे, आमच्या शाळंत एक बाई हाय, लई भारी शिकवती."

एवढी वर्षं मी स्वतःला मुकी बाई समजत होते, लोकही समजत होते. त्या माणसाच्या घरात मी फक्त शिकवणारी बाई होते! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण मी उठले आणि पुढं गेले. थोरल्या भावानं माइक पुढं केला. मी तो बाजूला सारला आणि होता तेवढ्या आवाजात बोलायला सुरुवात केली. पुढच्या लोकांनी मागच्यांना हातानं खुणावलं. मागच्यांनी कडेवरच्या लेकरांना उगी केलं. डोंगरातली ती सगळी माणसं पुढं झुकली, आणि माझं बोलणं संपेपर्यंत जागचं कुणी हललं नाही.